राहू दे

आमच्या गावाचं नाव राहू. परगावी हे नाव सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडं बघतो आणि मग मनातल्या मनात स्वतःची पत्रिका उघडतो. एकदा एसटीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या घरात?" मी म्हटलं, "वेशीतून आत आलं की डाव्या हाताला तिसरं." ते पत्रिकेतलं घर विचारत होते.

मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळं मला ह्या नावात ग्रह कमी आणि क्रियापद जास्त दिसतं. 'राहू' हे रूप मराठीत एकटं फार वेळ टिकत नाही. मागून 'दे' येऊन त्याचा हात धरतो. पंगतीत तिसरी पोळी वाढायला आले की राहू दे. पाहुण्यानं पाकिटाला हात घातला की, मनात नसलं तरी, राहू द्या. भावकीचं भांडण हातघाईवर आलं की कुणीतरी म्हातारा मध्ये पडून म्हणतो, राहू द्या रं. आणि आमच्या घरात कुठलीही मोडकी वस्तू बाहेर फेकायला काढली की आण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरूनच मान न उचलता म्हणतात, "राहू दे." आमच्या माळ्यावर तीन बंद पडलेले रेडिओ, चाक नसलेली सायकल आणि सायकल नसलेलं चाक आहे. ते चाक त्या सायकलीला बसत नाही. तरी राहू दिलंय.

हे गाव दौंड तालुक्यातलं. नदी ओलांडली की शिरूर. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा, आणि दोघी पुढं रांजणगाव सांडसला एकमेकींना भेटतात. ह्या दोन नद्यांमधल्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. चारी बाजूंनी पाणी नसताना बेट कसं, असा आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांचा कायमचा आक्षेप आहे. मुळा-मुठा पुण्याचं वापरून झालेलं पाणी जलपर्णीच्या हिरव्या दुलईखाली झाकून आमच्याकडं आणते आणि आम्ही त्या पाण्यावर ऊस काढतो. बेटात जिकडं बघावं तिकडं ऊस. उसात बिबट्या आणि उसाच्या कडेला गुऱ्हाळ. अशा मुलखात मागं हौदा असलेली गाडी दारात नसली तर सोयरीक जमायलासुद्धा अडचण येते.

आमच्या दारात धुरपा होती. महिंद्राची पिकअप, १९९४ सालची, पाटी एमएच-१२. बारामतीचं एमएच-४२ तेव्हा जन्माला यायचं होतं. आण्णांनी ती नारायणगावच्या एका टोमॅटोवाल्याकडून घेतली आणि पहिलं वर्षभर तिच्या हौद्यात फटीफटींतून टोमॅटोची रोपं उगवत राहिली. मुळातली द्रौपदी, खेड्यात तिची धुरपदा होते, आणि लाडानं धुरपा. पण आमच्या गाडीला हे नाव पडलं ते महाभारतावरून नाही, धुरावरून. सकाळी ती सुरू झाली की शेजारची आजी तुळशीवर पदर धरायची.

हिचं इंजिन फ्रेंच घराण्यातलं होतं. प्यूजो. ह्या घराण्यानं मोटारींच्या कितीतरी आधी करवती केल्या, कॉफी दळायची यंत्रं केली, आणि १८७४ पासून मिरी दळायच्या गिरण्या केल्या. मोटारी हा त्यांचा त्या मानानं अलीकडचा नाद. त्यांच्याकडून डिझेल इंजिनाची विद्या महिंद्रानं घेतली आणि १९८०च्या दशकात ती इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. म्हणजे बीज फ्रान्सचं, पाळणा इगतपुरीच्या धुक्यात आणि सासर राहू बेटात. स्वभावानं इंजिन मऊ. आवाज गुरगुरण्याचा, वसावसा अंगावर येणारा नव्हे. पण थंडीत त्याला आधी हीटर द्यावा लागायचा. किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, आत तार तापेपर्यंत. मी वीसपर्यंत आकडे मोजायचो. आण्णा पांडुरंगाचं नाव घ्यायचे. आण्णांच्या हाती ती लवकर सुरू व्हायची हे मला आस्तिक नसतानाही कबूल करावं लागतं.

२००८च्या मार्चात धुरपा गेली. दोष माझा. रेडिएटरचा खालचा पाइप पाझरतोय हे मला आठ दिवस माहीत होतं आणि आठही दिवस मी त्याला बाटलीभर पाणी पाजून पुढं जात होतो. उष्णतेचा काटा दोन वर्षांपासून एकाच जागी चिकटलेला होता, त्यामुळं गाडी तापली की नाही ते काट्यावरून कळत नसे, वासावरून कळे. त्या दिवशी हौद्यात गुळाच्या ढेपा होत्या आणि ऊन म्हणजे चुलवाणाचं तोंड. केडगावकडं निघालो. गोड, जळकट वास यायला लागला तेव्हा मला वाटलं, गुळाचाच. पुलाच्या अलीकडं धुरपानं एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि आतून कुणीतरी दार लावून घ्यावं तसा आवाज होऊन थांबली. किल्ली फिरवली तर नुसतं 'टक'. इंजिन बसलं होतं.

बसलं हा शब्द किती नेमका आहे. उठून चालणारा जीव बसला की संपलं.

दुसऱ्या दिवशी दारात भंगारवाला हजर. ह्या लोकांना बातमी कोण देतं हे कोडं आहे. मयताच्या घरी नातेवाईक पोचायच्या आधी हे पोचतात. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोटानं टिचकी मारली आणि वजनाचा हिशेब सांगितला. टिचकीचा आवाज ऐकून आण्णा ओट्यावरून उठले. आण्णा उठले म्हणजे प्रकरण गंभीर.

"राहू द्या," ते म्हणाले.

"आण्णा, आतलं गेलंय सगळं. नुसता डबा उरलाय."

"आतलं बदलून घेऊ."

"मग ती धुरपा राहील का?"

आण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की शिकवायला मी शाळेत जातो की ते, असा प्रश्न पडावा. "तुझ्या आजोबांच्या डोळ्यांतलं भिंग बदललं होतं. आपण त्यांना घराबाहेर काढलं का?"

ह्यावर बोलण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ज्या कंपनीची ही गाडी, तिनं स्वतःच हे केलेलं आहे. १९४५ साली ती निघाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड महंमद. फाळणी झाली, भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथं पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरलही. इकडं १९४८ साली पाटी झाली महिंद्रा अँड महिंद्रा. बाहेरची दोन 'एम' जिथल्या तिथं, आतला माणूस दुसरा. धुरपाचं आम्ही काय वेगळं करत होतो?

इंजिन शोधायला मी, आमचे गॅरेजवाले वस्ताद आणि वस्तादांचा चेला असे तिघं पुण्याला गेलो. रविवार होता, म्हणून आधी जुन्या बाजारात चक्कर टाकली. तिथं बुधवारी आणि रविवारी कुलपाशिवाय किल्ल्या आणि किल्ल्यांशिवाय कुलपं मिळतात. आण्णांना तिथं आणलं असतं तर ते घरी परत आले नसते. इंजिन मात्र दुसरीकडं मिळालं, एका भंगारवाल्याच्या अंगणात, तीस-चाळीस इंजिनांच्या रांगेत. सगळी काळी, तेलकट, पाटावर बसवलेल्या नवरदेवांसारखी. आमच्या पुढ्यात आला तो महिंद्राचाच २५२३ सीसीचा, डीआय. विकणारा म्हणाला, "राजा इंजिन आहे साहेब. एका डॉक्टरच्या गाडीतलं." मराठी मुलखात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी एकतर डॉक्टरची असते नाहीतर बाईमाणसानं चालवलेली. वस्तादांनी ऑइलची काठी ओढून वास घेतला, बोटावर तेल चोळलं आणि मला बाजूला नेऊन म्हणाले, "गुरुजी, डॉक्टर जनावरांचा होता." तरी घेतलं. गिअरबॉक्ससकट अडतीस हजार.

ह्या नव्या इंजिनाचं कुळ वेगळं. महिंद्रानं १९६३ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टर करायला घेतले. पहिला ट्रॅक्टर बी-२७५. त्या ट्रॅक्टरच्या इंजिनापासून निघालेल्या वंशावळीत हे डीआय बसतं. फ्रेंच इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या खोलीत पेटायचं आणि मग सभ्यपणे खाली पिस्टनकडं यायचं. डीआयमध्ये, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, तसला दिवाणखाना नाही. डिझेलची पिचकारी थेट पिस्टनच्या डोक्यावर. म्हणून ते हीटर मागत नाही, तेल कमी पितं आणि आवाज जास्त करतं. थोडक्यात, जावई शेतकऱ्याघरचा.

वस्तादांचं गॅरेज चौफुल्याच्या अलीकडं. चौफुला म्हटलं की महाराष्ट्राला लावणी आठवते. मला ऑइल चेंबर आठवतो. एप्रिलचे तीन आठवडे मी शाळा सुटली की तिथं जाऊन डालड्याच्या डब्यावर बसायचो. चिंचेच्या आडव्या फांदीला चेनकप्पी लावून धुरपाचं जुनं इंजिन वर ओढलं, तेव्हा बॉनेट काढलेली गाडी पुढून एकदम हलकी होऊन उंच झाली, जणू डोक्यावरचा हंडा उतरवून बाई ताठ उभी राहिली. इंजिन फांदीला लोंबकळतंय, गाडी खाली रिकामी. मला एकदम आमच्या गावाचा ग्रह आठवला. समुद्रमंथनात चोरून अमृत प्यायला बसलेल्या त्या असुराचं विष्णूनं डोकं उडवलं. नुसतं डोकं उरलं तो राहू, नुसतं धड उरलं तो केतू. अमृत पोटात गेलेलं, त्यामुळं मेले दोघंही नाहीत. वर राहू, खाली केतू. मी हे वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, फांदीखालनं सरका."

मग दुसरं इंजिन उघडलं आणि जनावरांच्या डॉक्टरची करणी दिसली. एका पिस्टनची रिंग तुटलेली. लायनरच्या वरच्या बाजूला झिजून अशी पायरी पडली होती की नख अडकावं. क्रँकवर चरे. वस्तादांनी मायक्रोमीटर लावला, डोळा बारीक केला आणि बिडी पेटवली. बिडी पेटवली म्हणजे निदान झालं. "फुल इंजिन करावं लागंल." हाफ इंजिन म्हणजे वरवरचं, रिंगा-व्हॉल्व्ह; फुल इंजिन म्हणजे क्रँकसकट सगळं. अडतीस हजारांवर किती, हे मी विचारलं नाही. आमच्यात डॉक्टर आणि वस्ताद ह्या दोघांना आकडा आधी विचारत नाहीत, धीर खचतो.

पोत्यावर सुटे भाग मांडले तेव्हा कळलं की इंजिन म्हणजे रुखवत आहे. चार पिस्टन, चार कनेक्टिंग रॉड, आठ व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, पुशरॉड, बेअरिंगच्या अर्धचंद्रकोरी. सगळं डिझेलनं धुऊन, ओळीनं. कोणता रॉड कोणत्या घरातला ह्याची खूण पंचानं ठिपके मारून करायची. एक ठिपका, दोन ठिपके. जोड्या मोडायच्या नाहीत. एकदा एका घरात घासून घासून जुळलेलं माणूस दुसऱ्या घरात नीट नांदत नाही, हे वस्ताद रॉडबद्दल सांगत होते आणि त्यांची मंडळी मागून चहा घेऊन आली तेव्हा विषय बदलला.

क्रँक लेथवाल्याकडं गेला आणि पाव मिलिमीटर घासून आला. त्या मापाची जाड बेअरिंगं आणली. हेडचं काम चेल्याकडं. व्हॉल्व्ह आपल्या जागी हवाबंद बसावा म्हणून त्याच्या काठाला खरखरीत मलम लावतात, टोकाला रबरी वाटी असलेली काठी त्याला चिकटवतात आणि ती दोन तळव्यांत धरून इकडून तिकडं, इकडून तिकडं फिरवतात. अगदी रवी फिरवावी तशी. पोरगं सकाळपासून आठ व्हॉल्व्ह घुसळत होतं. हेच ते मंथन. फक्त अमृताऐवजी करडा चिखल निघत होता. मधूनच ते व्हॉल्व्ह उचलायचं, काठावर मंद राखाडी कडं सलग उमटलंय का बघायचं, आणि शेवटी हेड उपडं करून वाटीत डिझेल ओतायचं. पाझरलं तर पुन्हा घुसळ. मी शाळेत निबंधाच्या वह्या तपासतो त्यापेक्षा ही तपासणी कितीतरी कडक होती. डिझेलला मार्क वाढवून मागता येत नाहीत.

वस्तादांचा सगळा भरवसा हातावर आणि कानावर. टॉर्क पाना त्यांच्याकडं होता, खोक्यात, तेल लावून जपलेला. हेडचे नट आवळताना तो बाहेर निघाला. मधून सुरुवात करायची आणि कडेकडेनं बाहेर जायचं, तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. बाज विणताना एकाच बाजूची दोरी ओढली तर बाज वाकडी होते, तसं. पण आवळण्याच्या आधी वस्तादांनी पाना उचलून कपाळाला लावला. आमच्याकडचा गुळव्याही काहिलीत पहिला रस पडला की हात जोडतो. गुळव्या आणि वस्ताद ह्यांची जात एक. पाक कधी झाला हे गुळव्याला बोटांत कळतं. पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का बघतो आणि हाक मारतो, 'उतरा!' त्याच्याकडं घड्याळ नसतं. माझ्या पिढीनं दोघांनाही सांगितलं की ह्याला मोजमाप असतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मोजमाप आलं, गुळव्या मात्र दरवर्षी कमी होत चाललेत, आणि गूळ चिकटतोय.

डालड्याच्या डब्यावर बसून बसून मीही शहाणा व्हायला लागलो होतो. घरी जेवताना आईला सांगितलं की ह्या इंजिनात ठिणगी नसतेच. हवा वीसपटीच्या आसपास दाबली की ती आपोआप तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेल शिंपडलं की भडका. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड कसं गरम होतं, तसंच. हे रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसानं शोधलं, आणि १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

"मग आता का नाही चालवत?" आईनं विचारलं.

"तेल महाग पडतं."

"आणि मला काय स्वस्त पडतं? परवाचा डबा संपला."

वस्तादांना त्याच माणसाचा शेवट सांगितला. १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर रात्री जेवला, आपल्या खोलीकडं गेला आणि सकाळी बोटीवर नव्हताच. वस्तादांनी पाना थांबवला. "बोटीचं इंजिन बंद पडलं असंल. तोंड दाखवायला लाजला." मी म्हटलं, बोट वाफेची होती. "मग तर जास्तच लाजला."

जोडणीचे चार दिवस फारसे सांगण्यासारखे नाहीत. माउंटिंगच्या जागा जमल्या नाहीत, त्या कापून वेल्डिंग केल्या. मागच्या चाकांकडं जाणारा दांडा दोन इंच लांब झाला. तो लेथवर कापून, जोडून, थरथर जाईपर्यंत तोलून घेतला. ॲक्सिलरेटरची केबल पुरली नाही. सायलेन्सर पुरला पण वाकला. ह्या सगळ्यात वस्ताद एकदाही चिडले नाहीत. चिडले ते फक्त एकदा, मी एका नटाला बोल्ट म्हणालो तेव्हा.

पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी आण्णा आले. धुतलेलं धोतर नेसून. नारळ फुटला, लिंबू चाकाखाली गेलं. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायला पोरगं हातपंप दाबत होतं आणि नळीच्या तोंडाशी फेस येत होता. फेस थांबून नितळ धार आली की हवा गेली. आण्णा चालकाच्या जागी बसले, सवयीनं किल्ली अर्धी फिरवून थांबले आणि ओठ हलवायला लागले.

"आण्णा, ह्याला हीटर नाही. डायरेक्ट मारा."

"असू दे रं. नाव घ्यायला हीटर लागतो का?"

आणि त्यांनी मारली. पहिल्याच झटक्याला. एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन. चारही सिलिंडर ह्याच क्रमानं पेटतात, ओळीनं कधीच नाही. ओळीनं पेटले तर क्रँक पिळवटून निघेल. वस्ताद एका बाजूला वाकून ऐकत उभे. ऑइलचा दिवा विझला. धूर आला तो थोडा पांढरा, नवीन लावलेल्या तेलाचा, आणि मग तोही थांबला. सायलेन्सरच्या तोंडाशी नुसतीच हवा थरथरत होती.

आण्णा खाली उतरले. त्यांचा चेहरा पडला होता.

"काय झालं?"

"ट्रॅक्टर केला हिचा."

शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मेलेल्या शरीरात प्रवेश केला ती गोष्ट आपल्याला माहीत असते. राजा उठून बसला, दरबारात आला, कारभार एकदम चांगला चालायला लागला, आणि त्यामुळंच प्रधानांना संशय आला. आमच्या घरी तेच झालं. गाडी एका झटक्यात सुरू होते, पाण्याची बाटली मागत नाही, चढाला धापा टाकत नाही, म्हणून सगळ्यांना ती परकी वाटायला लागली. वस्तीवरचं कुत्रं पूर्वी वळणावरचा आवाज ओळखून शेपटी हलवत पुढं यायचं. आता ते पाटाच्या कडेला उभं राहून आपल्याच गाडीवर भुंकायचं. आईला चुलीवर भाकरी टाकायची वेळ चुकायला लागली, कारण आण्णा आले हे तिला गुरगुरीवरून कळायचं आणि आता प्रत्येक ट्रॅक्टर आण्णांसारखा वाजत होता. शेजारच्या आजीनं तर सरळ विचारलं, "धुरपा विकली व्हय?" धूर नाही, मग धुरपा कसली?

सरकारचा प्रश्न वेगळा होता. सरकार गाडीला आवाजावरून ओळखत नाही, दोन आकड्यांवरून ओळखतं: चासी नंबर आणि इंजिन नंबर. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीतल्या फेरबदलांसाठीच आहे, त्यामुळं आधी अर्ज, मग काम, मग तपासणी असा क्रम आम्ही पाळला होता. पुण्याहून आणलेल्या इंजिनाची पावती, आमचं पत्र, आरसी बुक, सगळं घेऊन गेलो. तपासायला आलेल्या साहेबांनी चासीचा नंबर पेन्सिलनं कागदावर उमटवून घेतला, इंजिनाचा नंबर वाचायला चष्मा काढला, पुन्हा घातला.

"गाडी तीच आहे ना?"

मी उत्तर जुळवत होतो. शरीर आणि आत्मा, आणि शिवाय आजोबांच्या डोळ्यातलं भिंग. माझं पहिलं वाक्य तयार व्हायच्या आत आण्णा म्हणाले, "तीच."

साहेबांनी सही केली.

पहिले हजार किलोमीटर जोरात न्यायची नाही, ओझं कमी, आणि मग ऑइल बदलायचं, असं वस्तादांनी बजावलं होतं. आण्णांनी ते हजार किलोमीटर बेटातल्या बेटात काढले. राहू, पिंपळगाव, वाळकी, पुन्हा राहू. नव्या सुनेला घर दाखवावं तसं तिला प्रत्येक बांध दाखवून आणला. हजाराव्या किलोमीटरला वस्तादांनी ऑइल सोडलं, बोटावर घेऊन उन्हात धरलं, आणि आण्णांना म्हणाले, "बसलं." मी दचकलो. पण इथं बसलं म्हणजे जमलं. रिंगा आणि लायनर एकमेकांना घासून सरावले. वर्गात मी मुलांना सांगतो की एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ असू शकतात, आणि उदाहरण म्हणून हे देतो. मुलं हसतात, कारण उदाहरण त्यांनी स्वतः गॅरेजात ऐकलेलं असतं.

एकूण खर्च एकाहत्तर हजार झाला. तेवढ्यात त्या काळी बरी मोटारसायकल आली असती आणि वर लग्नात द्यायला एक फ्रीज. हा हिशेब मी एकदाच बोलून दाखवला. आण्णा काय म्हणाले ते वेगळं सांगत नाही.

धुरपाला आता बारा-तेराचं ॲव्हरेज पडतं. कुत्र्यानं वर्षभरात भुंकणं सोडलं. जुनं फ्रेंच इंजिन न्यायला भंगारवाला अजून अधूनमधून येतो. त्याचा ब्लॉक आमच्या गोठ्यात पडलेला आहे, मातीत चार बोटं रुतलेला. त्याच्या एका सिलिंडरमधून साखळी ओवून तिला गाय बांधतो. गाय होल्स्टीन आहे, तीही युरोपातलीच. सकाळ-संध्याकाळ मिळून अठरा लिटर देते.